टनांनी कोकेन आणणाऱ्यांना १४ वर्षं, गांजावाल्याला ५५: शिकागोचे फ्लोरेस बंधू

वांद्रे_स्लो

गेले दोन आठवडे जेवणं आटोपली की मी फ्लोरेस बंधूंच्या खटल्याचं वाचत बसतोय. बायको म्हणते, हे तुझे कोण लागतात? कोणी नाही, पण डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहितो.

पेद्रो आणि मार्गारितो फ्लोरेस, जुळे भाऊ, जन्म १९८१, शिकागोच्या लिटल व्हिलेज वस्तीतले. धंदा घरचाच. बाप त्यातलाच आणि थोरला भाऊही. पेद्रोने पुढे साक्षीत सांगितलं की तो सात वर्षांचा असल्यापासून बाप त्याला हाताशी घ्यायचा, कारण गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत लपवलेला माल काढायला लहान हात बरा पडतो. आपल्याकडे वाण्याच्या पोराला जसं गल्ल्यावर बसवतात, तसं.

पंचविशी ओलांडायच्या आत हे दोघे शिकागोचे ठोक व्यापारी झाले होते. भरात असताना महिन्याला दीड-दोन टन कोकेन यांच्या हातून जायचं. मेक्सिकोला परत पाठवलेली रोकड सरकारी हिशोबाने १८० कोटी डॉलर. माल मेक्सिकोच्या सिनालोआ कार्टेलचा, म्हणजे ड्रग्जच्या टोळीचा, म्हणजेच एल चापो गुझमान आणि एल मायो झांबादा यांचा.

चापोला पहिल्यांदा डोंगरातल्या अड्ड्यावर भेटायला पेद्रो गेला तो जीनची हाफ पँट घालून. वाटेत झाडाला साखळीने बांधलेला एक नागडा माणूस दिसला. वर पोचल्यावर चापोने याची खेचली: एवढा पैसा कमावतोस, उरलेली पँट घ्यायला परवडली नाही का? हे सगळं पेद्रोने डिसेंबर २०१८ मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात, चापो समोर बसलेला असताना सांगितलं.

२००८ मध्ये चापो-मायो एकीकडे आणि बेल्त्रान लेव्हा भाऊ दुसरीकडे अशी फाटाफूट झाली. फ्लोरेस दोघांचंही गिऱ्हाईक. एकाकडून घेतलं तर दुसरा मारणार. दोघांच्याही बायका गरोदर. तेव्हा यांनी अमेरिकी सरकारशी बोलणी सुरू केली आणि फोन रेकॉर्ड करायला घेतले. नोव्हेंबर २००८ मधला एक कॉल प्रसिद्ध आहे: हेरॉइनचा भाव किलोमागे ५५ हजार डॉलरवरून ५० हजारांवर आणा, अशी पेद्रो विनंती करतो आणि चापो हो म्हणतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी चालते तितकी साधी घासाघीस. ब्रुकलिनमध्ये तीच टेप वाजवली.

महिनाअखेर दोघे शरण आले. २००९ मध्ये बाप, सगळे नको म्हणत असताना, मेक्सिकोला परत गेला आणि नाहीसा झाला. त्याची गाडी सापडली, काचेवर मुलांसाठी धमकीची चिठ्ठी.

जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश रुबेन कास्तियो यांनी दोघांना प्रत्येकी १४ वर्षं दिली. सहकार्य केलं नसतं तर जन्मठेपच होती, हेही सांगितलं. आणि असंही, की यापुढे आयुष्यभर गाडीची किल्ली फिरवताना ती सुरू होते की उडते हा विचार तुमच्या मनात येईल. आत २००८ पासून असल्यामुळे दोघेही केव्हाच बाहेर आलेत. मार्गारितो आता पोलिसांना प्रशिक्षण देतो.

आता दुसरं टोक. वेल्डन अँजेलॉस, युटा राज्य, विशीतला संगीत निर्माता. खबऱ्याला तीनदा आठ-आठ औंस गांजा विकला, दर खेपेला ३५० डॉलर. जवळ पिस्तूल होतं, पण ते त्याने कोणावर रोखलं नव्हतं. पिस्तुलाच्या पहिल्या कलमाला ५ वर्षं, पुढच्या प्रत्येकाला २५, आणि सगळी एकापुढे एक भोगायची. एकूण ५५. न्यायाधीश पॉल कॅसेल यांनी २००४ मध्ये ही शिक्षा देताना निकालातच लिहिलं की ही अन्याय्य आहे, क्रूर आहे आणि तर्काला सोडून आहे. विमान पळवणाऱ्याला याहून कमी होते, असा तक्ताही जोडला. आणि तरी दिली, कारण कायद्याने हात बांधलेले.

माझा प्रश्न सरळ आहे. हा काटा नक्की काय मोजतो?

---

उंटावरचा

काटा उपयोग मोजतो. १४ वर्षांच्या बदल्यात चापो जन्मभरासाठी आत गेला, वर ३० वर्षं आणि १२६० कोटी डॉलरची जप्ती. फ्लोरेसच्या माहितीवर पन्नासेक जणांवर आरोपपत्रं निघाली. सौदा स्वस्तात पडला म्हणेन मी. भावनेच्या भरात धागे काढू नयेत.

---

चकलीताई

उंटावरून उतरा जरा. अँजेलॉसकडे विकायला काही नव्हतं म्हणून त्याला ५५, हेच वांद्रेभाऊ म्हणतायत ना?

---

मोकळावेळ_वकील

मी तिकडचा वकील नाही, इकडचा आहे, पण एका अशिलापायी हे कायदे वाचावे लागले होते. थोडं यंत्र उघडून दाखवतो.

१) १९८४ च्या कायद्याने फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांतल्या शिक्षांचा, पॅरोल बंद केला, नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो नाहीच. चांगल्या वागणुकीची सूट वर्षाला ५४ दिवस. म्हणजे दहातली साडेआठ भोगायचीच.

२) १९८६ च्या जूनमध्ये लेन बायस हा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला आणि निवडणुकीच्या घाईत काँग्रेसने किमान शिक्षा ठरवून टाकल्या. ५ ग्रॅम क्रॅकला, म्हणजे ओढायच्या खड्यांच्या रूपातल्या कोकेनला, ५ वर्षं, भुकटीच्या रूपात तेच कोकेन असेल तर ५०० ग्रॅमला ५ वर्षं. शंभरास एक. क्रॅक काळ्या वस्त्यांत विकलं जायचं, भुकटी गोऱ्यांच्या पार्ट्यांत. २०१० मध्ये हे प्रमाण अठरास एक केलं. एकास एक अजूनही नाही.

३) १९८८ मध्ये कटालाही तीच किमान शिक्षा लावली. खरा घात इथे झाला. कटात तुम्ही फोन घेतला असेल, गाडी दिली असेल, तरी टोळीने विकलेला माल तुमच्या नावावर चढू शकतो. बरं, तो माल कोणी वजन केलेला असतोच असं नाही. साथीदाराने सांगितलं की महिन्याला अमुक किलो यायचा, की झाला हिशोब. तिकडे याला 'घोस्ट डोप' म्हणतात. भुताचा माल.

४) किमान शिक्षेच्या खाली उतरायचा मुख्य जिना म्हणजे 'भरीव सहकार्य'. नियमाच्या क्रमांकावरून सगळे त्याला 'फाइव्ह-के' म्हणतात. त्या जिन्याची किल्ली न्यायाधीशाकडे नसते. अर्ज सरकारी वकिलानेच करायचा. त्याने केला नाही तर न्यायाधीश कितीही हळहळला तरी खाली उतरता येत नाही.

आता तळातला माणूस घ्या. त्याला एकच नाव माहीत असतं, त्याच्या वरच्याचं. आणि वरचा आधीच पकडला जाऊन बोलून मोकळा झालेला असतो. फ्लोरेस बंधूंना चापोचा फोन नंबर माहीत होता.

---

बारा_गावचं_पाणी

वाखु (वाचनखूण) साठवली. वकीलसाहेब, असे प्रतिसाद दर आठवड्याला टाकत जा की राव.

---

चकलीताई

वकीलसाहेबांच्या चौथ्या मुद्द्याला केंबा स्मिथ ही बाई तंतोतंत बसते. व्हर्जिनियातली कॉलेजातली मुलगी, आईबापांची एकुलती एक. जिच्या प्रेमात पडली तो पीटर हॉल क्रॅकच्या टोळीचा म्होरक्या निघाला. मारायचा तिला. तिने स्वतः ड्रग्ज विकली नाहीत, हे सरकारी पक्षालाही मान्य होतं. १९९४ मध्ये ती शरण आली तेव्हा पोटुशी होती. सरकारला हवा होता हॉल. ती त्याचा ठावठिकाणा सांगायला तयार झाली, तेवढ्यात तो सिएटलमध्ये मरून पडलेला सापडला. झालं, तिच्याकडची एकमेव विकाऊ गोष्ट संपली. टोळीचा २५५ किलो माल तिच्या नावावर धरून २४ वर्षं ६ महिने. पहिलाच गुन्हा. बाळंतीण झाल्यावर दोन दिवसांत मूल आजी-आजोबांकडे. डिसेंबर २००० मध्ये क्लिंटननी जाता जाता शिक्षा माफ केली तेव्हा सुटली.

मला यात एकच विचारावंसं वाटतं. हॉल आठवडाभर उशिरा मेला असता तर तिचा गुन्हा कमी झाला असता का?

---

वांद्रे_स्लो

ताई, शेवटच्या वाक्यावर थांबलो बराच वेळ.

क्लॅरेन्स ॲरनची भर घालतो. अलाबामा, १९९२. हाही कॉलेजात, फुटबॉल खेळणारा, पूर्वीचा गुन्हा शून्य. दोन ओळखींची गाठ घालून दिली आणि १५०० डॉलर घेतले. व्यवहार करणारे खरे लोक त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले, त्यात चुलत-मावसातलेही होते, आणि कमी शिक्षा घेऊन गेले. ॲरनने तोंड उघडलं नाही, खटला लढवला. तीन जन्मठेपा. २०१३ च्या डिसेंबरात ओबामांनी कमी केल्या, तोवर वीस वर्षं गेली होती.

धंदेवाईक कुटुंबाला हा खेळ कळतो. त्यांच्याकडे वकील असतो आणि केव्हा बोलायचं हे माहीत असतं. फ्लोरेसचा बाप स्वतः तुरुंग बघून आलेला. ॲरनच्या घरी या गोष्टीचा अनुभव कोणाला असणार?

---

नागपुरी_तर्री

अरे बाप्पा, शिकागो शिकागो चाललंय कधीचं आणि एकालाही हेडली आठवत नाही?

तेच शहर, तेच फेडरल कोर्ट, आणि तोच सौदा. फरक इतकाच की त्याचं बिल मुंबईने भरलं.

दाऊद गिलानी, म्हणजे नंतरचा डेव्हिड हेडली, मुळात हेरॉइनचा तस्कर. १९८८ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर दोन किलोसह पकडला. लगेच साथीदारांची नावं दिली. त्याला ४ वर्षं, साथीदारांना त्याहून पुष्कळ जास्त. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा हेरॉइनमध्येच सापडला. पुन्हा बोलला, डीईएचा, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, खबऱ्या झाला, १५ महिन्यांवर निभावलं. सुटल्यावरची देखरेख चालायची होती, ती २००१ च्या शेवटी, ११ सप्टेंबरनंतरच्या धांदलीत, मुदतीआधीच उठवली. २००२ च्या सुरुवातीला हा गडी लष्कर-ए-तैयबाच्या छावणीत हजर!

मधे त्याच्याच बायकांनी अमेरिकन अधिकाऱ्यांना दोनदा सांगितलं होतं. एकीने न्यूयॉर्कात २००५ ला, दुसरीने पुढे इस्लामाबादच्या वकिलातीत. २००६ पासून मुंबईच्या फेऱ्या, ताडदेवच्या एसी मार्केटात इमिग्रेशनचं ऑफिस, २६/११ च्या हल्ल्यासाठी ताजचं, सीएसटीचं चित्रण. ऑक्टोबर २००९ ला ओ'हेअर विमानतळावर पकडला, आणि मग काय केलं असेल साहेबांनी? बोलला! फाशी नाही, भारतात पाठवणी नाही, असा करार. जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षं. खुद्द न्यायाधीश लायनेनवेबर म्हणाले की हा माणूस सुधारलाय यावर माझा विश्वास नाही.

म्हणून म्हणतो, उपयोग मोजायचा तर पुरा मोजा. १९८८ ला हेरॉइनच्या दोन-चार जणांची नावं मिळाली, फायदा झाला. कोणाचा?

---

उंटावरचा

हेडलीचं मान्य. ते प्रकरण आठवलं की माझंही डोकं फिरतं. पण एका नासक्या आंब्यावरून आढी फेकू नका. माफीचा साक्षीदार आपल्याकडेही आहेच की. आणि विसरलात का, डिसेंबर २०१५ मध्ये आपल्याच मुंबईच्या सत्र न्यायालयाने याच हेडलीला माफीचा साक्षीदार केलं! फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवरून साक्ष झाली, उज्ज्वल निकम प्रश्न विचारत होते, आपण सगळे टीव्हीला डोळे लावून बसलो होतो.

---

मोकळावेळ_वकील

बरोबर, पण फरक नोंदवतो. आपल्याकडे माफी कोर्ट देतं, पोलीस किंवा सरकारी वकील नाही. साक्षीदाराने सगळं खरं सांगायचं. खोटं बोलला, लपवलं, तर माफी जाते आणि पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि माफीच्या साक्षीदाराच्या नुसत्या शब्दावर शिक्षा द्यायला आपली कोर्टं कचरतात, दुजोरा मागतात. तिकडे फेडरल कोर्टात साथीदाराच्या नुसत्या साक्षीवर, ज्यूरीला पटली तर, शिक्षा होऊ शकते.

पण यावरून कोणी कॉलर ताठ करू नये. आपला एनडीपीएसचा, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदाही १९८५ चा, त्याच लाटेतला. व्यापारी प्रमाण म्हटलं की किमान दहा वर्षं. गांजा २० किलो, चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम. त्यात कलम ३७, म्हणजे आरोपी निर्दोष दिसतोय असं कोर्टाला सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय जामीन नाही. तिकडे किमान शिक्षेने माणूस कुजतो, इकडे शिक्षेआधीच. टेम्पोचा ड्रायव्हर आत आणि मालकाचा पत्ता नाही अशा किती केसेस दाखवू?

---

बारा_गावचं_पाणी

अवांतर: धंद्यातली पुढची पिढी पण तयार आहे म्हणे. चापोचा मुलगा ओविदिओ जुलै २०२५ मध्ये शिकागोतच गुन्हा कबूल करून बसला. त्याआधी मे महिन्यात घरातले १७ जण तिहुआनाच्या सीमेवरून अमेरिकेत गेले, मेक्सिकोच्या सुरक्षामंत्र्यांनीच सांगितलं. अख्खी वरात!

---

वांद्रे_स्लो

अवांतर कसलं, हाच तर मुद्दा. मायोचा मुलगा व्हिसेंते: फेब्रुवारी २०१० मध्ये मेक्सिकोने अमेरिकेच्या ताब्यात दिला, चापोविरुद्ध साक्ष, मे २०१९ मध्ये १५ वर्षं. न्यायाधीश पुन्हा कास्तियोच. मग चापोचा दुसरा मुलगा होआकिन जुलै २०२४ मध्ये खुद्द मायोलाच विमानात घालून न्यू मेक्सिकोत उतरवतो. या घराण्यांत आता मुलं बापाच्या भागीदारांना आणून देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मायोनेही ब्रुकलिनमध्ये कबुली दिली.

आणि फ्लोरेसच्या घरची गोष्टही १४ वर्षांवर संपली नाही. सरकारशी बोलणी चालू झाल्यानंतर पेद्रोने बायकोला बेंटली घेऊन दिली होती, हे ब्रुकलिनमध्ये उलटतपासणीत बाहेर आलं. २०२१ मध्ये दोन्ही जावांवर दडवून ठेवलेला पैसा फिरवल्याचा खटला झाला.

---

उंटावरचा

ठीक. पण एक विसरताय सगळे. १९९४ पासून 'सेफ्टी व्हॉल्व्ह' आहे. पहिलटकर, शस्त्र नाही, म्होरक्या नाही, अशाने जे माहीत आहे ते खरं सांगितलं, मग ते निरुपयोगी असलं तरी, न्यायाधीश किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकतो. २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने तो आणखी रुंद केला. पिस्तुलाच्या कलमांची ती ५-२५-२५ ची चळतही आता पहिल्याच खटल्यात रचता येत नाही. तुमची सगळी उदाहरणं जुनी आहेत. अँजेलॉसही २०१६ मध्ये सुटला, २०२० मध्ये माफीही मिळाली.

---

हिवाळाग्रस्त

दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. वीसेक वर्षं शिकागोच्या उपनगरात आहे. लिटल व्हिलेज म्हणजे २६ वा रस्ता. मधे कमान, फूटपाथवर कापलेली फळं विकणाऱ्या बाया, लग्नाच्या झग्यांची दुकानं. आणि त्याच वस्तीच्या कडेला काउंटीचा अजस्र तुरुंग. पोरं शाळेत जाता-येता भिंत बघतात.

उंटावरचा, तुमच्या सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल. माझी नागरिकत्वाची शपथ २०१६ ची. माझा समारंभ फेडरल कोर्टात होता, कुठल्या ते सांगत नाही. मी नेहमीप्रमाणे दोन तास आधी पोचलेलो. कोर्टरूम उघड्या असतात, कोणीही बसू शकतं, म्हणून एकीत जाऊन बसलो. सूट घातलेला, खिशात शपथेचं पत्र.

तिशीतली एक बाई उभी होती. भावाच्या सांगण्यावरून चारदा गाडी चालवत नेली, डिकीत पुडकी. पाठीमागच्या बाकावर तिची आई, शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा. त्याला कोणीतरी पिवळा हायलायटर दिला होता आणि तो स्वतःची नखं रंगवत होता. एकेक नख, जीभ बाहेर काढून, अगदी लक्ष लावून.

न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलाला विचारलं, तुमच्याकडून काही अर्ज? तो उठला, "नाही", आणि बसला. तिने सांगितलेलं सगळं भावाने आधीच सांगून झालं होतं. मग तिच्या वकिलाने सेफ्टी व्हॉल्व्हचं काढलं. तर तिच्या नावावर दोन जुन्या किरकोळ केसेस, एक न वटलेल्या चेकची आणि एक लायसन्स रद्द असताना गाडी चालवल्याची. जुन्या केसेसचे झाले गुण जास्त, व्हॉल्व्ह बंद. न्यायाधीशबाई म्हणाल्या की त्यांना यात मोकळीक नाही. दहा वर्षं. पंधरा मिनिटांत उरकलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मी वर जाऊन हात उंचावून शपथ घेतली. छोटा झेंडा मिळाला. तो अजून गाडीच्या कप्प्यात आहे.

---

चकलीताई

बापरे. २०१८ नंतर तिला काही उपयोग झाला का हो त्या कायद्याचा?

---

मोकळावेळ_वकील

सेफ्टी व्हॉल्व्हचा बदल मागे लागू केला नाही, कायद्यानंतर दोषी ठरलेल्यांनाच. फर्स्ट स्टेपने मागे लावला तो क्रॅकचा अठरास एकचा नियम.

---

उंटावरचा

भाऊ, तिच्या त्या भावाला किती झाले?

---

हिवाळाग्रस्त

दाराबाहेरच्या यादीवर दोघांचं आडनाव एकच होतं, म्हणून लक्षात राहिलं. फेडरल तुरुंगाच्या साइटवर नाव टाकलं की सुटकेची तारीख दिसते. काल रात्री टाकून बघितलं. भावाला सहा वर्षं होती, तो २०२० मध्ये सुटलाय. ती २०२४ मध्ये.